हवापालट आणि जलरंग

क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा डॉक्टर हवा लिहून देत. साताऱ्याकडे पाचगणी आणि सांगलीकडे मिरज ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणं होती. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होतं. १९२० च्या सुमारास सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरुग्णांसाठी वेगळी वसाहत उभी राहिली. तीच आजची वानलेसवाडी. सकस आहार, सक्तीची विश्रांती आणि मोकळी हवा, हाच मुख्य उपचार. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ साली.

शरीर असं खाटेवर ठेवलं, तरी महिनोन्‌महिने मनाचं काय करायचं? याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या अशाच सॅनेटोरियममध्ये सापडलं. १९३८ साली एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयाने आजारी पडून मिडहर्स्टला दाखल झाला. अंगात थोडी ताकद येताच तो पडल्या पडल्या समोर दिसेल ते रेखाटू लागला आणि पुढे शेजारच्या रुग्णांच्या हातीही त्याने पेन्सिल दिली. 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ मध्ये त्यानेच रूढ केलं. हिलच्या वाट्याला खाटेभोवतालची जागाच आली. आपल्याकडे हवा आणि चित्र या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत साधतील असं अख्खं कृष्णाखोरं पडलं आहे.

आरोग्य आणि चित्रकला यांची सांगड घालणारा एक राजाही इथे होऊन गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते स्वतः चित्रकार होते. चित्ररामायण त्यांनी काढलं, अजिंठ्यावर १९३२ साली पुस्तक लिहिलं आणि १९३८ साली यमाई देवीच्या डोंगराच्या कुशीत संग्रहालय बांधलं. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत ऐवज खटाव तालुक्यातल्या त्या गावात आहे. व्यायाम आणि चित्रकला या दोन्हींना रोजच्या जगण्यात जागा हवी, हे या माणसाने वागून दाखवलं.

आपल्यापैकी बहुतेकांचा ब्रश एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर सुटतो. स्मरणचित्रात काढलेले दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य मात्र डोक्यात घट्ट बसलेला असतो. वाईला कृष्णेच्या घाटावर वही उघडून समोर पाहिलं की हा त्रिकोण पहिल्या पाच मिनिटांत मोडतो. पांडवगड पाहा, पलीकडे पाचगणीचं टेबललँड पाहा. माथे सपाट, कडे उभे आणि अंगावर आडव्या पट्ट्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्या थरांच्या या रेघा. मन ठरलेलं चित्र बाजूला ठेवून समोरचं बघायला लागतं, तेव्हा रोजची काळजीही आपसूक मागे सरते.

तिथेच ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधलं. दर्शन घेऊन परतणाऱ्याला मागची भिंत सहसा दिसत नाही. ती काढायला बसलं की कळतं, ही भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी दोन्ही अंगांना फाकावं म्हणून ही रचना.

जलरंगाचा स्वभावही या कामाला सोयीचा. सकाळी साडेआठला पायऱ्यांची सावली लांब, निळसर असते. दहापर्यंत ती आखडते. म्हणून सराईत माणूस सावलीची हद्द आधी पेन्सिलने आखतो आणि मग ऊन कितीही हललं तरी तिला चिकटून राहतो. घाटाचा काळा दगड ट्यूबमधल्या काळ्याने रंगवला तर निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्यातच एकमेकांत सोडले की दगडाचा खरा करडा उतरतो. आणि पहिला वॉश वाळेस्तोवर हात लावायचा नाही. लावला की चिखल झालाच. पावसाळी पाचगणीत धुक्यामुळे कागद वाळता वाळत नाही, तर एप्रिलच्या दुपारी ब्रश टेकवायच्या आत वाळतो. थांबायचं किती हे हवा ठरवते, आपण नाही. ध्यानाच्या वर्गात डोळे मिटून जे जमत नाही, ते इथे डोळे उघडे ठेवून होतं.

याला संशोधनाचाही आधार आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. २०१६ साली गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास कलेचं काम दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घटलं. पूर्वी चित्रं काढलेली असणं-नसणं याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहेत, दुसरा तर बंद खोलीतला. तेव्हा त्यावरून चमत्काराचे दावे करू नयेत. नैराश्य किंवा दीर्घ आजार असेल तर औषधं चालूच ठेवायची. चित्र त्यांच्या जोडीला.

पठारं आवडत असतील तर साताऱ्याजवळचं कास आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ऑगस्टअखेरपासून फुलांचा हंगाम. 'सीतेची आसवं' हे जांभळं, नखाएवढं फूल काढायचं तर नजर जमिनीलगत न्यावी लागते. पठारावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून हे झाड जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतं. इथे बसायचं ते पायवाटेवरच. स्टूल फुलांत रोवायचं नाही.

सांगलीकरांसाठी हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. मात्र सांगलीत नदी म्हटली की प्रत्येकाला निसर्गरम्य दृश्यच आठवेल असं नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ज्यांचं घर त्या पाण्यात होतं, त्यांना काठावर बसायचा आग्रह करू नये. आधी पुलाची एखादी कमान, घाटाची एखादी पायरी, अंगणातलं झाड. नदीकडे कधी वळायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

सामान फार लागत नाही. पोस्टकार्डाएवढे जाड कागद, सहा रंग, एक गोल ब्रश, पाण्याची बाटली, टोपी. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, ऊन सोसवतं आणि नद्यांना पाणी असतं. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. झालेलं चित्र लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. एकदा लाइक मोजायला लागलं की पुढच्या वेळी नजर घाटावर राहत नाही. कागदामागे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून ठेवून द्या. घरात आजारातून उठलेलं किंवा नुकतंच निवृत्त झालेलं कुणी असेल तर त्यांनाही एक कागद द्या, आणि त्यांचं चित्र चांगलं आलं की वाईट, हे बोलू नका.