अँग्लो-इंडियन म्हणजे नेमकं कोण?

भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावांत जुनी माणसं अजून सांगतात, 'इथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर असायचे. अर्धे गोरे.' त्या 'अर्धे'मध्येच पहिला गैरसमज आहे. आई-वडिलांपैकी एक इंग्रज असला की झालं, असं आपण धरून चालतो.

राज्यघटनेतली व्याख्या वेगळी आहे. अनुच्छेद ३६६(२) नुसार ज्याचे वडील, किंवा वडिलांकडचा कोणताही पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा आहे आणि जो भारतात कायम राहणाऱ्या आई-बापांच्या पोटी इथेच जन्मला, इथेच राहतो, तो अँग्लो-इंडियन. म्हणजे पणजोबा जर्मन किंवा फ्रेंच असले तरी चालतं, 'अँग्लो' नावापुरतंच. पण ते बापाकडचे हवेत. आई अँग्लो-इंडियन आणि वडील मराठी असतील, तर आईच्या मांडीवर तिचीच भाषा, तिचीच गाणी ऐकत वाढलेलं मूल या व्याख्येत बसत नाही. मला हा अन्याय वाटतो. २०२० मध्ये १०४व्या घटनादुरुस्तीने या समाजाच्या लोकसभेतल्या दोन जागांवरची नियुक्ती थांबली. त्यामुळे अनेकांना वाटतं की व्याख्याही गेली. ती आजही कायम आहे.

हे नाव मुळापासून याच लोकांचं होतं, हाही गैरसमजच. एकोणिसाव्या शतकात अँग्लो-इंडियन म्हणजे हिंदुस्थानात राहणारा इंग्रज. मिश्र वंशाच्या लोकांना युरेशियन म्हणत. कंपनी सरकारने १७९१ मध्ये, आई किंवा वडील भारतीय असतील तर, अशा लोकांना आपल्या नोकऱ्यांची दारं बंद केली होती. पुढे युरेशियन हा शब्द हिणवण्याचा झाला, लोकांनी तो नाकारला, आणि १९११ च्या जनगणनेपासून सरकारदरबारी अँग्लो-इंडियन हे नाव त्यांना मिळालं.

आता आपल्या दाराशी. वसई, उत्तन, गिरगावातल्या ईस्ट इंडियन लोकांना 'पोर्तुगीज रक्ताचे' म्हणणारे आजही भेटतात. हे कोळी, कुणबी, आगरी अशा इथल्याच जातींतून ख्रिस्ती झालेले लोक. लग्नात त्यांच्या बायका लुगडं नेसतात, घरात मराठीची बोली बोलतात. मुंबईत कामासाठी आलेल्या गोवेकरांपासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी हे नाव घेतलं. गंमत अशी की १८३० च्या आसपास कलकत्त्याचे मिश्र वंशाचे लोक स्वतःला ईस्ट इंडियनच म्हणत. नाव एकच, माणसं वेगळी.

गोव्यातल्या फर्नांडिस, डिसूझा या आडनावांचंही तसंच. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांची आडनावं मिळत. त्यावरून रक्त ओळखता येत नाही. पोर्तुगीज-भारतीय मिश्र वंशाचे, म्हणजे मेस्तिसो, गोव्यात होते, पण थोडेच.

आणि एक आपल्याच भाषेबद्दल. 'संकरित' हा शब्द आपण ज्वारीच्या बियाण्याला, जर्सी गायीला लावतो. तोच माणसाच्या लेकराला लावताना काही वाटत नाही, कारण तो 'शास्त्रीय' वाटतो. पण माणसं वेगळ्या जातीची जनावरं नाहीत. त्यांच्यात संकर होत नाही, लग्नं होतात, मुलं होतात. लिहिताना 'मिश्र वंशाचे' लिहा, आणि त्या समाजाने स्वतःला नाव दिलं असेल, तर तेच वापरा.