तेलवाहू जहाजे एवढी मोठी का झाली?

पूर्वी खनिज तेल लाकडी पिंपांत भरून जहाजाने नेत. पिंपे गळत आणि जागाही फार अडवीत. १८७८ साली लुडविग नोबेल यांच्या ‘झोरोआस्टर’ जहाजाने कास्पियन समुद्रात लोखंडी टाक्यांतून रॉकेल नेण्यास सुरुवात केली. एका खेपेस सुमारे २४० टन!

१९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद पडला, तो १९७५ पर्यंत. इराणच्या आखातातील तेल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात न्यावे लागे. एवढ्या लांबच्या प्रवासात मोठेच जहाज परवडे. असे का? जहाजाची लांबी, रुंदी व खोली दुप्पट केली, की त्यात आठपट तेल मावते. पाण्याशी घासणारा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. त्यामुळे दर टनामागे इंधन कमी लागते.

‘सीवाइज जायंट’ हे यांतील सर्वांत लांब जहाज. लांबी ४५८ मीटर, भारक्षमता सुमारे ५ लाख ६४ हजार टन. पूर्ण भरल्यावर त्याचा तळ साडेचोवीस मीटर खोल जाई. मग ते सुएझमधून कसे जाणार? फारच थोड्या बंदरांना ते लागू शकत असे. अखेर २०१० साली गुजरातमधील अलंग येथे ते मोडीत निघाले.

मोठ्या जहाजाचा अपघातही मोठाच. १९७८ मध्ये ‘अमोको काडिझ’चे सुकाणू निकामी झाले आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोन लाख टनांहून अधिक तेल सांडले. आता तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच असते. बाहेरचे फुटले, तरी आतले तेल राखते.