सर्व्हरचं माप भरतं का?



वाण्याकडे किलोभर साखर घेताना आपण नकळत काट्याकडे बघतो. पेट्रोल पंपावरचा मुलगा "झिरो बघा मॅडम" म्हणतो, तेव्हाही बघतो. या मापांवर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, त्यामुळे निदान काहीतरी भरवसा असतो. पण समजा तुम्ही एखादा सर्व्हर भाड्याने घेतला आणि जाहिरातीत लिहिलंय "१ गिगाबिट पोर्ट". आता बघायचं कुठे? इथे काटा आपला आपणच उभा करावा लागतो. तो कसा उभा करायचा, एवढंच या लेखात सांगणार आहे.

(एक सूचना: 'बँडविड्थ'ला मराठीत काय म्हणतात हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी मेसमध्ये तो शब्द कुणाला कळला नसता. त्यामुळे आपण रोज बोलतो तेच शब्द इथे आहेत.)

विषय निघाला तो आपल्या टेक्निकल फेस्टिव्हलमुळे. रजिस्ट्रेशन, निकाल आणि वर्कशॉपचे व्हिडिओ ठेवायला आयोजकांनी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर घेतला. पैसे हॉस्टेलमधून जमवले, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्याच संध्याकाळी माझ्या रूममेटने एक व्हिडिओ उतरवून बघितला, तर स्पीड ३ मेगाबाइट! रात्रीच्या जेवणापर्यंत निकाल लागलासुद्धा: "कंपनीने गंडवलं, पैसे परत मागा." खजिनदाराचं पत्रही तयार होतं. मी म्हटलं, तीन दिवस थांबा, आधी मोजून बघू.

आधी एकक बघा

नेटवर्कवाले बिटमध्ये बोलतात आणि डाउनलोडची खिडकी बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. १००० चा आकडा मनात धरून बसलात, तर इथेच निम्मी भांडणं होतात.

हे १२५ सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. मिठाईवाला खोक्यासकट पेढे तोलतो ना, तसंच. इथरनेटच्या तारेवरून एक नेहमीचं पूर्ण पॅकेट जातं तेव्हा तारेवर १५३८ बाइटइतकी जागा अडते, पण त्यात आपला माल साधारण १४४८ बाइट. बाकी सगळं पत्ते, हेडर आणि दोन पॅकेटांमधलं अंतर. म्हणून १ गिगाबिटच्या पोर्टवर अगदी सगळं सुरळीत असलं, तरी ९४० मेगाबिटच्या आसपास, म्हणजे ११७ मेगाबाइट मिळतात. हे ६ टक्के कुणी चोरलेले नसतात.

पण हिशोब करा: ३ मेगाबाइट म्हणजे २४ मेगाबिट. ९४० कुठे आणि २४ कुठे! खजिनदाराची शंका अजून शाबूत होती.

नक्की कशाचा स्पीड मोजतोय?

सकाळी सातला हॉस्टेलच्या नळाला करंगळीएवढी धार येते. म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी आहे असं कुणी म्हणत नाही. आपल्याला माहीत असतं की एका पाइपवर दहा नळ सुटलेत. नेटवर्कमध्ये मात्र आपण बेधडक टाकीला दोष देतो.

सर्व्हरपासून आपल्या खोलीपर्यंतचा रस्ता बघा. सर्व्हरची डिस्क, त्याचं नेटवर्क कार्ड, डेटा सेंटरचे स्विच, कंपनीने पुढे घेतलेली लाइन, मधलं इंटरनेट, कॉलेजची लाइन, हॉस्टेलचा स्विच, वायफाय आणि शेवटी लॅपटॉप. यातला सर्वांत अरुंद तुकडा जेवढं देईल तेवढंच तुमच्या पदरात पडतं. संध्याकाळी खोलीतून वायफायवर घेतलेला आकडा सर्व्हरबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो हॉस्टेलबद्दल सांगतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे हॉस्टेलला वाटेतून बाजूला काढणं. मुंबईतच दुसऱ्या एका कंपनीचं मशीन तासाच्या हिशोबाने भाड्याने घेतलं. कंपनी वेगळी, शहर तेच. दोन्हीवर आयपर्फ-३ टाकलं. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ईएसनेट या अमेरिकेतल्या संशोधन नेटवर्कच्या लोकांनी केला आहे. त्याची खुबी अशी की तो डेटा मेमरीतच तयार करतो आणि पलीकडे मेमरीतच टाकून देतो. त्यामुळे डिस्क स्लो असली तरी निकाल बिघडत नाही. फाइल कॉपी करून स्पीड मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तिथे डिस्क अडते, आणि कॉपी एन्क्रिप्टेड असेल तर प्रोसेसरही अडतो.

वापरायला सोपं आहे. एका मशीनवर तो ऐकत बसतो (पोर्ट ५२०१, फायरवॉलमध्ये उघडायला विसरू नका), दुसऱ्यावरून आपण हाक मारायची. मोठा 'आर' लावला की दिशा उलटते. मोठा 'पी' आणि पुढे ८ लिहिलं की एकाच वेळी आठ कनेक्शन चालतात. लहान 'टी' पुढे सेकंद लिहायचे. एकदा तरी पूर्ण ६० सेकंद चालवा. काही ठिकाणी सुरुवातीचे काही सेकंद मोकळं सोडतात आणि मग लगाम ओढतात. पाच सेकंदांच्या टेस्टमध्ये हे कळत नाही.

पंगतीतला वाढपी

"पण मुंबईतच का मोजायचं? अमेरिकेतून मोजलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न वर्गात मला दोघांनी विचारला.

पंगत आठवा. वाढपी ताटात जिलब्या घेतो, टोकापर्यंत वाढत जातो, रिकामं ताट घेऊन परत येतो. मुदपाकखाना लांब असेल तर आचारी कितीही भराभर तळू दे, पानात किती पडणार ते ताटाच्या आकारावर आणि फेरीच्या वेळेवर ठरतं. टीसीपीचं अगदी असंच आहे. पोच मिळेपर्यंत किती डेटा वाटेत सोडायचा याची मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. ती म्हणजे आपलं ताट.

१९८१ च्या मूळ टीसीपीत हे ताट जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटचं होतं. फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील (मुंबई ते अमेरिका सहज लागतात), तर या ताटाने सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट वाढून होतात. तार गिगाबिटची असो की दहा गिगाबिटची! १९९२ मध्ये ताट मोठं करायची सोय आली. पण २०० मिलिसेकंदांवर १ गिगाबिट भरायला २५ मेगाबाइटचं ताट लागतं, आणि लिनक्सवर पाठवणाऱ्याची नेहमीची कमाल मर्यादा ४ मेगाबाइटच्या आसपास असते. तेवढ्यात १६० मेगाबिटच्या वर जाता येत नाही.

त्यात एखादं पॅकेट हरवलं तर टीसीपी घाबरून वेग कमी करतो. लांबच्या रस्त्यावर पुन्हा वेग पकडायलाही वेळ लागतो. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी याचं सूत्र मांडलं. जुन्या पद्धतीच्या टीसीपीला दहा हजारांत एक पॅकेट हरवलं, तर २०० मिलिसेकंदांवर साधारण ७ मेगाबिट मिळतात, आणि ५ मिलिसेकंदांवर २८० च्या पुढे. पोर्ट तोच, हरवण्याचं प्रमाण तेच, फरक फक्त अंतराचा. नव्या पद्धती (क्युबिक, बीबीआर) जास्त सोशिक आहेत, पण अंतर कुणालाच चुकलेलं नाही.

म्हणून दोन नियम: मोजायचं ते जवळून, आणि एकदा एका कनेक्शनने, एकदा आठ कनेक्शननी. आठ वाढप्यांनी मिळून एकट्यापेक्षा खूप जास्त वाढलं, तर मुदपाकखाना ठीक आहे, अंतर किंवा ताट अडतंय. आठही जण त्याच आकड्यावर थांबले, तर वाटेत कुठेतरी खरी अडचण आहे.

घड्याळ लावून मोजा

दुपारी तीनला मोजून "सगळं छान आहे" म्हणणं म्हणजे सुट्टीत हॉस्टेलचं पाणी तपासण्यासारखं आहे. भाड्याच्या छोट्या सर्व्हरमध्ये एकाच मोठ्या मशीनवर बरेच भाडेकरू असतात आणि पोर्ट सगळ्यांत मिळून. गर्दीच्या वेळीच खरं कळतं.

मी दर दोन तासांनी, १० सेकंद, दोन्ही दिशांना, असं तीन दिवस लावून ठेवलं. आधी हिशोब केला, कारण मोजण्यानेही कोटा संपतो: १० सेकंद म्हणजे जास्तीत जास्त सव्वा गिगाबाइट, दोन दिशा, ३६ वेळा, म्हणजे ९० गिगाबाइट. महिन्याच्या १ टेराबाइटमध्ये बसणारं होतं.

निकाल असे: सर्व्हरकडे येणारा डेटा दिवसरात्र ९३० मेगाबिटच्या आसपास. सर्व्हरवरून बाहेर जाणारा, दिवसा ९२०. पण रात्री आठ ते बारा, तिन्ही दिवस, १८० ते २५०! एक कनेक्शन काय नि आठ काय, सारखंच.

लगेच ओरडायचं नाही. हे दुसऱ्या मशीनचंही दुखणं असू शकतं. म्हणून तिसऱ्या कंपनीचं एक मशीन तासभर घेतलं. रात्री नऊला दुसरं आणि तिसरं आपसात पूर्ण स्पीड देत होती. आपला सर्व्हर मात्र दोघांनाही दोनशेच देत होता. 'टॉप' मध्ये 'एसटी' नावाचा रकाना असतो, शेजारच्या भाडेकरूंमुळे आपल्या वाट्याचा किती प्रोसेसर गेला ते तो दाखवतो. तो जवळजवळ शून्य होता. म्हणजे प्रोसेसर नाही, दुसरं मशीन नाही. अडत होतं ते आपल्या सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर.

बारीक अक्षरं

तरीही पत्र लिहिण्याआधी करार वाचला. '१ गिगाबिट पोर्ट' म्हणजे १ गिगाबिट हमी नव्हे. 'अप टू' आणि 'शेअर्ड' हे दोन शब्द शोधा. मोठ्या कंपन्याही हे लिहूनच ठेवतात. अॅमेझॉनच्या बऱ्याच लहान सर्व्हरांना 'अप टू' स्पीड असतो, तो साठलेल्या क्रेडिटवर थोडा वेळच मिळतो.

आणि कोट्याचा भागाकार करून बघा. पूर्ण १ गिगाबिटने १ टेराबाइट ८००० सेकंदांत संपतो, म्हणजे सव्वादोन तासांत. तोच महिनाभर पुरवायचा तर सरासरी पडते ३ मेगाबिट! जाहिरातीत १००० मोठ्या अक्षरात असतो, हे ३ आपल्यालाच काढावे लागतात.

मग काय झालं?

खजिनदाराचं पहिलं पत्र बाजूला ठेवलं. त्याऐवजी एक तक्ता पाठवला: तारीख, वेळ, दिशा, कनेक्शन किती, फेरीचा वेळ, दोन्ही टोकं. खाली एकच वाक्य: "शेअर्ड पोर्ट मान्य आहे, पण रोज रात्री चार तास पाचवा हिस्सा मिळणं हे पोर्ट भरून गेल्याचं लक्षण दिसतं, कृपया तपासावं." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवला. आता रात्री नऊलाही ८५० च्या वर मिळतात. आधीचं पत्र गेलं असतं तर त्यांनी आपल्या वायफायकडे बोट दाखवलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

कारण ते ३ मेगाबाइट आपलेच होते. पहाटे केबल लावून मोजलं तर ११.७ मेगाबाइटवर येऊन गप्प बसलं. हा आकडा पाठ करा. ११.७ दिसले की वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा दुवा आहे असं समजा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की पुष्कळदा लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येते. कॉम्प्युटर सेंटरच्या सरांना दाखवलं, तर आमच्या मजल्याच्या केबलची एक जोडी खरंच तुटलेली निघाली. त्यांनी प्लग नवा बसवला. संध्याकाळचं वायफाय मात्र अजून तसंच आहे, हवा सगळ्यांची एकच असल्यामुळे.

ज्यांनी ५० रुपये दिले त्यांच्यासाठी: तीन दिवसांचा पूर्ण तक्ता फेस्टिव्हलच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. जास्तीच्या दोन मशीनचं भाडं खजिनदाराने हिशोबात वेगळं दाखवलं आहे, ते एका वडापावच्या पार्टीपेक्षा कमी आहे. मोजायची स्क्रिप्टही तिथल्या कॉम्प्युटरवर आहे. पुढच्या वर्षीच्या टीमने सर्व्हर घेतल्या घेतल्या पहिल्याच आठवड्यात ती चालवावी, म्हणजे पैसे परत मागायची मुदत हातात असते.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी