चौकट : शोभेचा एप्रन आणि करवती किनार

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या श्रीमंत स्त्रिया रेशमी कापडावर जरतारी भरतकाम केलेले आखूड एप्रन मिरवत होत्या. कपडे मळू नयेत म्हणून बांधायचे हे वस्त्र आता इतके मोलाचे झाले, की त्यालाच जपावे लागे. तरीही बाथ शहरातल्या समारंभांचे नियम ठरवणारा बो नॅश एप्रनला मज्जाव करी, कारण त्याच्या लेखी तो मोलकरणीचाच पोशाख होता. म्हणजे वरून चढवलेल्या शोभेने एप्रनचा उपयोग गेला, पण त्याची कष्टाशी असलेली ओळख पुरती पुसली नाही.

पूर्व विदर्भातल्या टसर रेशमाची वाट वेगळी आहे. इथे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबे टसरचे किडे वाढवतात आणि कोष्टी विणकर करवती किनारीची साडी विणतात. अंग टसरचे, काठ सुती. तीन धोट्यांनी विणताना दोन्हींचे धागे एकमेकांत अडकतात आणि करवतीचे दाते उमटतात. ही साडीही महागच, मग फरक काय, असे कोणी विचारेल. फरक किमतीत नाही, रचनेत आहे. भरतकाम उसवले तरी एप्रन उरतो. करवतीचे दाते काढले तर काठ आणि अंग यांचा सांधाच तुटतो. म्हणून या किनारीला नुसती सजावट म्हणणे विणकराच्या कौशल्यावर अन्याय करणारे आहे.