‘ना हरकत’ आणि मूळ अर्थाचा हट्ट

सीब ही ओमानच्या मस्कत प्रांतातील एक ‘विलायत’ आहे, हे वाक्य मराठी वाचकाला क्षणभर अडखळायला लावते, कारण मराठीत विलायतेला जाणे म्हणजे इंग्लंडला जाणे, तर ओमानच्या कारभारात विलायत म्हणजे ‘वाली’ या अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला, ढोबळमानाने आपल्या तालुक्याशी जुळणारा विभाग. ‘त्याला कोणी वाली उरला नाही’ असे आपण हळहळून म्हणतो, तो वाली तेथे सरकारी पगार घेतो.

सीबमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर असे ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने पडत राहतात. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र, ‘तक्रार’ म्हणजे पुनरावृत्ती, ‘मजबूत’ म्हणजे अचूक. मग मराठी माणूसच हे शब्द चुकीचे वापरतो काय, असा प्रश्न उभा राहतो. शब्दाचे मूळ शोधण्याला व्युत्पत्ती म्हणतात. पण ती शब्द कोठून आला एवढेच सांगते, तो आज कसा वापरावा हे ठरवते ती रूढी. शिवाय यांतील बहुतेक शब्द थेट अरबांकडून नव्हे, तर बहमनी काळापासून दरबारात वावरणाऱ्या फारसीमार्फत मराठीत आले, आणि वाटेत त्यांचे अर्थ पालटत गेले. कधी तर नुसते उच्चारसाम्य फसवते: मराठीतले ‘शहर’ फारसी आहे, अरबीतले ‘शहर’ म्हणजे महिना, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

‘हरकत’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत मात्र ती अडथळा किंवा विरोध झाली, आणि मूळचा अर्थ गायकाच्या गळ्यात तेवढा शिल्लक राहिला, कारण ठुमरीतली किंवा नाट्यपदातली हरकत म्हणजे स्वरांची चपळ हालचालच. ओमानमध्ये परदेशी कामगाराला नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाचे ‘ना हरकत’ पत्र आणावे लागे. ही अट १ जानेवारी २०२१ पासून उठली. मूळ अर्थाचा हट्ट धरला, तर हलण्याची परवानगी देणाऱ्या त्या कागदाचा अर्थ ‘हालचाल बंद’ असा होईल!

परके शब्द बदलण्याचे प्रयत्नही जुने आहेत. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यातून ‘दिनांक’ अर्जाच्या कोपऱ्यात पक्का बसला खरा, पण कोर्टात अजून तारीखच पडते. ‘हरकत’ऐवजी सर्वत्र ‘आक्षेप’ लिहावा, हा सल्लाही असाच अर्धवट उपयोगी आहे. नळाला पाणी आले नाही, तर सोसायटीकडे तक्रार जाते; नवी टाकी बांधण्याचे ठरले, की आधी हरकती मागवल्या जातात; आणि टाकीचा हिशेब वार्षिक सभेत आला, की त्यावर आक्षेप घेतला जातो.