मूळ संख्यांची ओळख

मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या शाळेंत कवाईतीच्या तासास १२ मुलें आहेत असें समजूं. शिक्षकांनीं सारख्या रांगा करावयास सांगितलें, तर मुलांस तें सहज साधतें. सहासहांच्या दोन रांगा होतात, चारचारांच्या तीन होतात, तीनतीनांच्या चारही होतात. इतक्यांत उशीर झालेला एक मुलगा धांवत येऊन त्यांत मिळाला, कीं सारी घडी विसकटते. १३ मुलांची एकच लांब रांग करावी. दुसरी कोणतीही मांडणी केली, तरी कोणी ना कोणी बाहेर उरतोच.

हा दोष उशिरा आलेल्या मुलाचा नव्हे. हा १३ या संख्येचा स्वभाव आहे. १ आणि ती स्वतः या दोहोंवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें जिला निःशेष भाग जात नाहीं, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या पहिल्या सहा मूळ संख्या होत. १२ सारख्या संख्यांना संयुक्त संख्या म्हणतात. १ ची गणना दोहोंपैकीं कोणत्याच वर्गांत करीत नाहींत. ‘मूळ’ हें नांव अगदीं सार्थ आहे. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारानेंच बनते. ६० ही संख्या कोणत्याही बाजूनें फोडीत गेलें, तरी शेवटीं २, २, ३ आणि ५ हेच तुकडे हातीं येतात.

मूळ संख्या निवडून काढण्याची चाळणी एराटोस्थेनिस या ग्रीक पंडितानें इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत सांगितली. २ पासून १०० पर्यंत संख्या लिहाव्या. २ ठेवून तिच्या पटी खोडाव्या. नंतर ३, ५ आणि ७ यांच्याही पटी तशाच खोडाव्या. एवढ्यानें काम संपतें. कारण १० गुणिले १० म्हणजे १००, तेव्हां १०० पर्यंतच्या कोणत्याही संयुक्त संख्येचा एक तरी अवयव १० हून मोठा नसतो. चाळणींत बरोबर २५ संख्या उरतात.

मग या संख्या कोठें तरी संपत असतील काय? युक्लिडनें इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास त्याचें उत्तर दिलें. ज्ञात असलेल्या साऱ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यांत १ मिळवावा. येणाऱ्या संख्येस त्यांपैकीं कोणीही भागूं लागलें, तर बाकी १ उरते. म्हणजे ती संख्या स्वतः मूळ असली पाहिजे, किंवा तिचा अवयव एखादी नवी मूळ संख्या असली पाहिजे. २ पासून १३ पर्यंतच्या सहा मूळ संख्यांवरून ३००३१ येते. ती मूळ नाहीं, पण तिचे ५९ आणि ५०९ हे दोन्ही अवयव नवे आहेत. यादी कितीही लांबविली, तरी ती अपुरीच राहते.

संख्यांचा असा छंद महाराष्ट्रांतील एका शिक्षकानें जन्मभर जोपासला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस शाळेंत अध्यापन केलें. घाटकोपर, मुलुंड मागें टाकून गाडी पुढें जाते, त्याच मार्गावरील डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना एका संख्याकुलाची कल्पना सुचली, आणि त्यांनीं त्या कुलास ‘डेम्लो संख्या’ असेंच नांव दिलें. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१; हे त्याच कुलांतले.

नुसत्या १ या अंकाच्या या संख्या मूळ आहेत काय? ११ मूळ आहे. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. त्यानंतरची मूळ संख्या मिळते ती एकदम १९ वेळां १ लिहिल्यावर, आणि पुढची २३ वेळां लिहिल्यावर.

या खेळाचा व्यवहारांत उपयोग काय? अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या बाजारांत लोक मोबाइलवरून पैसे देतात. असे निरोप वाटेंत कोणी वाचूं नयेत म्हणून ते गूढ लिपींत पाठवावे लागतात. त्या कामीं येणारी एक विख्यात रीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनीं १९७७ सालीं शोधली. तिचें मर्म लहानशा उदाहरणानें कळतें. ७१ आणि ११३ यांचा गुणाकार मिनिटाभरांत ८०२३ येतो. परंतु नुसती ८०२३ देऊन अवयव विचारले, तर २, ३, ५ असें एकेका मूळ संख्येनें भागीत विसाव्या प्रयत्नास ७१ सांपडते. मूळ संख्या सुमारे ३०० अंकी घेतल्या, तर गुणाकार यंत्र क्षणांत करतें. उलट अवयव काढणें आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेर आहे. म्हणून गुणाकार कुलुपाप्रमाणें उघडपणें सर्वांस देतात, आणि अवयव किल्लीप्रमाणें जपून ठेवतात.

एखादी संख्या मूळ आहे किंवा नाहीं, हें तिचे अवयव न काढतांही ठरवितां येतें. त्याची खात्रीची व जलद रीत कानपूरच्या आय. आय. टी. मधील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनीं २००२ सालीं दिली. अवयव काढण्याची तशी रीत साध्या संगणकासाठीं कोणास सांपडलेली नाहीं. मात्र पुरेसा मोठा क्वांटम संगणक तें काम करूं शकेल, असें पीटर शोर यांनीं १९९४ सालीं दाखविलें. म्हणून वेगळ्या तऱ्हेचीं कुलुपें आतांच तयार होऊं लागलीं आहेत.

शंभर खणांचा कागद आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर या शास्त्राचा आरंभ होतो. चाळणींतून उरलेल्या २५ संख्यांत ११ व १३, १७ व १९ अशा दोनांच्या अंतरानें उभ्या असलेल्या जोड्या दिसतात. त्या जोड्या पुढें केव्हां तरी संपतात कीं नाहीं, हें अद्याप कोणासही सिद्ध करतां आलेलें नाहीं.