पुढच्या चाकाची घरघर

मालेगावकडून येणारा भरलेला ट्रक लळिंगचा घाट उतरून धुळ्याच्या सपाटीला लागला, की केबिनमधला गोंगाट एकदम खाली येतो. घाटात इंजिन खालच्या गिअरमध्ये ओरडत असतं, ब्रेक करकरतात, स्प्रिंगचे पाटे कुरकुरतात. त्या गदारोळात पुढच्या चाकाची घरघर दबून जाते. सपाटीवर ती उघडी पडते, आणि ड्रायव्हर क्लीनरला म्हणतो, जरा काच खाली कर.

खानदेश हा तापीचा सखल पट्टा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीची टोकं. इंदूरहून येणारा ट्रक बिजासनचा घाट उतरून पळासनेर-शिरपूरमार्गे येतो, सुरतेचा कोंडाईबारीतून येतो, छत्रपती संभाजीनगरकडचा २०२३ पर्यंत कन्नडच्या औट्रम घाटाने चाळीसगावला उतरायचा. नागपूरकडून भुसावळमार्गे येणारा सोडला, तर बहुतेकांना घाट उतरूनच इथे यावं लागतं. त्यात धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने महामार्ग एकमेकांना छेदतात आणि सोलापूरचा रस्ताही तिथूनच फुटतो. २०१० मध्ये सरकारने महामार्गांचे क्रमांक बदलले, इथल्या पट्ट्यात मुंबई–आग्रा तीनचा बावन्न आणि साठ झाला, सुरत–नागपूर सहाचा त्रेपन्न झाला. आग्रा रोड मात्र आग्रा रोडच राहिला. धुळ्यातल्या पारोळा आणि चाळीसगाव चौफुल्या, जळगावातली अजिंठा चौफुली, या परिसरात जॅक, घोड्या आणि ग्रीसचे डबे मांडून बसलेली माणसं या भूगोलावरच जगतात. ट्रक आवाज घेऊन येतो. ‘काय व्हयनं भाऊ?’ या प्रश्नाने काम सुरू होतं.

काम दोन भागांचं आहे. चाकाचं बेअरिंग बदलणं हे कष्टाचं. ते शिकवून येतं. पण आवाज बेअरिंगचाच आहे हे ठरवणं अवघड, कारण तोच आवाज काढणारी सोंगं बरीच आहेत. पहिलं सोंग टायरचं. एकसारखा न झिजता लाटांसारखा झिजलेला टायर हुबेहूब घूंऽ करतो. फरक असा की रस्त्याचा पोत बदलला, जुन्या डांबरावरून नव्या काँक्रीटवर चाक गेलं, की टायरचा सूर बदलतो. बेअरिंगला रस्ता कोणता याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त वेग कळतो. दुसरं सोंग इंजिन-गिअरबॉक्सचं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्लच दाबला आणि इंजिन शांत होऊनही घरघर तशीच चालू राहिली, गाडी मंदावेल तशीच मंदावली, तर संशय चाकांकडे जातो. ही परीक्षा घाटाच्या उतारावर करायची नसते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग आहेतच, त्यांना निमित्त देऊ नये.

मग डावं की उजवं? इथे चांगला मिस्त्री ड्रायव्हरच्या शेजारी बसून फेरी मारतो. गाडी सावकाश उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकावर जातं; डावं बेअरिंग गेलं असेल तर आवाज चढतो, डावीकडे वळवताच उतरतो. केबिन पोकळ असते, त्यामुळे नुसत्या कानाने बाजू ठरवणारा बऱ्याचदा फसतो. वळण फसवत नाही. परत आल्यावर दोन्ही हबजवळ तळहात नेऊन बघायचा. एक सोसवतो आणि दुसऱ्याजवळ हात नेववत नाही, तर काहीतरी आहे. मात्र ब्रेक चिकटून राहिला तरी हब असाच तापतो, म्हणून एवढ्यावर निकाल देत नाहीत.

निकाल जॅकवर लागतो. मागच्या चाकांना दगड, पुढचा एक्सल उचलून घोडीवर. टायर वर-खाली धरून हलवायचा, मग डावी-उजवीकडे. फक्त आडवा हलला तर बोट स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडकडे जातं. उभाही हलला तर दोन संशयित: बेअरिंग किंवा किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती उभी खीळ. यांच्यातला निवाडा मला या सगळ्या कामातला सर्वांत देखणा वाटतो. क्लीनरला वर बसवून ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेकने हब जागीच पकडला जातो, म्हणजे बेअरिंगची ढील नाहीशी होते. तरीही चाक हलत असेल तर दोष किंगपिनचा. एक पैशाचं हत्यार नाही, आणि भलताच हजारोंचा खर्च टळतो. शेवटी चाक हाताने फिरवून दुसरा हात पाट्यावर ठेवतात. खराब बेअरिंगची खरखर लोखंडातून तळव्यात येते, कानाला जेमतेम ऐकू येईल तेव्हाही.

आत असतं काय? ट्रकच्या पुढच्या चाकात स्टब एक्सलवर दोन बेअरिंगं असतात, आतलं मोठं, बाहेरचं लहान, एकमेकांकडे निमुळती तोंडं करून बसवलेली. गोळ्या नाहीत, रोलर. आणि तेही एका टोकाला बारीक. ही कल्पना हेन्री टिमकेन या अमेरिकी माणसाची. तो सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनवायचा. सरळ चालताना चाकावर वरून वजन येतं, वळताना बाजूने रेटा येतो. दोन्ही सोसायचं तर रोलर तिरपा हवा. १८९८ मध्ये त्याने पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी कंपनी काढली. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती सव्वाशे वर्षांनंतरही केळीच्या ट्रकखाली तशीच आहे. आज ही बेअरिंगं आपल्याकडेच बनतात. चिंचवडपासून जयपूर, जमशेदपूरपर्यंत कारखाने आहेत.

भार किती? जुन्या हिशेबाच्या १६.२ टनी, दोन एक्सलच्या ट्रकला पुढच्या एक्सलवर सहा टन धरलेले. म्हणजे एका चाकाला तीन टन, आणि तेही कोणत्याही क्षणी खालच्या बाजूच्या मोजक्या रोलरांवर. मोठ्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे हजार किलोमीटरला तीन लाखांवर फेरे. रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या बाजारात पोचेपर्यंत एवढे होऊनच जातात. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरचा भार वाढवला, त्याच ट्रकचं एकूण वजन साडेअठरा टनांवर गेलं. आधीच जास्त भरून चालतच होते, ते कायदेशीर झालं, असंही म्हणता येईल.

हब उघडायचा तर ग्रीसची टोपी काढायची, स्प्लिट पिन किंवा लॉक वॉशर सरळ करायचा, नट सोडवायचा. बाहेरचं बेअरिंग हातात येतं, मग ड्रमसकट हब ओढून काढतात. जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नवखा पोरगा टॉमीवर उभा राहून ते आणखीच आवळत बसतो, आणि सगळं गॅरेज मजा बघतं.

निघालेलं बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरलं, की ते का गेलं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. पृष्ठभागाचे पापुद्रे उडून खड्डे पडले असतील, तर धातू थकला: वय झालं किंवा भार फार. आतली रिंग एक्सलवर फिरत नाही, त्यामुळे तिची खालचीच बाजू जन्मभर वजन खाते, खड्डेही आधी तिथेच पडतात. निळा-तपकिरी रंग चढला असेल तर ते तापलं: ग्रीस संपलं, किंवा नट अति आवळला. रोलरांच्या अंतरावर तांबूस-काळे डाग म्हणजे आत पाणी जाऊन गाडी उभी राहिली. बारीक ओरखडे आणि करडं झालेलं ग्रीस म्हणजे ऑइल सील फाटून धूळ गेली. खानदेशात हे शेवटचं फार. काळ्या मातीची धूळ मैद्याएवढी बारीक असते, आणि फागणे ते तरसोद महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं तेव्हा खोदलेल्या रस्त्याने ती हबपर्यंत पोचवायची चोख व्यवस्था केली. शिवाय केळी उतरवल्यावर गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा नेमका सीलवर मारतात, तो हिशेब वेगळाच.

ही खूण न वाचता जुनं बेअरिंग भंगारात टाकून नवं बसवणारा मिस्त्री त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा भेटतो.

नवं बसवताना पहिला मोह असतो बाहेरची रिंग तशीच ठेवण्याचा. ती हबमध्ये घट्ट बसलेली असते, काढायला घाम निघतो, आणि वरवर चकचकीतही दिसते. पण जुन्या रिंगवर नवे रोलर म्हणजे पुढच्या घरघरीची पेरणी. ती पितळी पंचाने आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून काढतात; हट्टी असेल तर वेल्डरकडून आतून एक रेघ मारून घेतात, धातू थंड होताना आकसतो आणि रिंग सुटते. नवी रिंग ठोकताना कान लागतो: ती तळाला टेकेपर्यंत आवाज पोकळ येतो, टेकली की भरीव. मग ग्रीस. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. वरवर चोपडलेलं ग्रीस कामाचं नाही. आणि हब गच्च भरायचाही नसतो; जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं, सील ढकलून ब्रेकच्या लायनरवर येतं. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं मिसळली तर पातळ होऊन वाहतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ते लवकर कळतं. धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपने गरगर फिरवून सुकवण्याची एक वाईट सवय आहे. पिंजरा फुटला तर रोलर तोंडावर येतात.

शेवटी नट. आणि नवी बेअरिंगं सर्वांत जास्त मरतात ती इथेच, असं माझं मत आहे. चाकाचा नट म्हटलं की हात आपोआप जोर लावतो. तीन टन पेलणारं चाक निखळू नये म्हणून मनही तेच सांगतं. पण निमुळत्या रोलरांना थोडी ढील लागते. चाक फिरवत-फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग तो सोडायचा, पुन्हा हलका लावून ठरलेला अंश मागे घ्यायचा. डायल गेज लावलं तर ढील ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या आत यायला हवी, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाची जाडी. याहून कमी झाली तर धावताना लोखंड तापून फुगतं आणि ती उरतच नाही. जास्त झाली तर ड्रम डुलतो, ब्रेक एकीकडे खेचतो, सील झिजतं. बऱ्याच ठिकाणी डायल गेज नसतं, मनगट असतं. मनगट तयार असेल तर चालतं. पण हजारोंची बेअरिंगं बसवणाऱ्या दुकानात एक गेज असू नये, हे मला पटत नाही.

नकली मालाचाही त्रास आहे. खोका हुबेहूब, आकडेही बरोबर. ३२३१० लिहिलेलं असेल तर शेवटच्या दहाला पाचाने गुणायचं, आतला व्यास ५० मिलिमीटर. हे गणित नकली बेअरिंगही बरोबर सोडवतं. धातू मात्र काही महिन्यांत उत्तर देतो. नव्या गाड्यांपैकी काहींना कारखान्यातच ग्रीस भरून, ढील ठरवून बंद केलेले अख्खे हब येतात. तिथे नट मोजून आवळायचा, एवढंच काम उरतं, आणि बिघडलं तर अख्खा संच बदलायचा.

काम झाल्यावर मिस्त्री एक गोष्ट सांगतो: भरलेली गाडी शे-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा जॅकवर घे, रिंगा बसल्या की ढील वाढते, बघून नट लावून घे. पण धुळ्याला बेअरिंग बदललेली गाडी तेवढ्या अंतरावर कधीच सेंधव्यापलीकडे किंवा नाशिककडे गेलेली असते. टोपी तिथला कुणीतरी उघडतो, किंवा उघडतच नाही.